गरम झाली की बंद पडणारी पद्मिनी: शनिवार-रविवारात घरच्या घरी दोष कसा पकडायचा

सकाळी पहिल्याच सेल्फला चालू होते. दहा-पंधरा किलोमीटर छान पळते. मग एखाद्या चढावर किंवा लांबलेल्या सिग्नलला दोन झटके देते आणि बंद पडते. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण घेत नाही. बॉनेट उघडून अर्धा-पाऊण तास थांबलं की काही झालंच नव्हतं अशा थाटात पुन्हा चालू. प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट ११०० ज्यांच्या दारात आहे, त्यांना हे दुखणं नवीन नाही.

खरा त्रास पुढे असतो. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी थंड झालेली असते आणि मिस्त्रीला सगळं ठीकच दिसतं. मग अंदाजाने कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवणारी) बदलली जाते, पुढच्या खेपेला एसी पंप (म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप), त्यापुढच्या खेपेला कार्ब्युरेटर. चांगले मूळ पार्ट भंगारात जातात, त्यांच्या जागी हलके नवे पार्ट येतात आणि दोष होता तिथेच राहतो. या लेखात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे: हा दोष गाडी बंद पडलेली असतानाच पकडायचा. थंड इंजिनावर केलेली तपासणी इथे जवळजवळ निरुपयोगी असते.

कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडायची थांबून पाव शतक उलटलं. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून हटली. टॅक्स्या होत्या तोवर नाक्यानाक्यावर हे इंजिन डोळे मिटून खोलणारे हात होते. आता ते हात थकलेत आणि दुसऱ्या कामांना लागलेत. पण १०८९ सीसीचं हे चार सिलिंडरचं साधं इंजिन आहे. त्यात सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. ते चालायला वेळेवर ठिणगी, पुरेसं पेट्रोल आणि सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) लागतो. यातलं काय हरवलं एवढंच शोधायचं आहे, आणि ते घरी नक्की जमतं.

शुक्रवारीच करायची तयारी

स्पेअर पार्टचा बाजार रविवारी बंद असतो, त्यामुळे लागू शकणाऱ्या स्वस्त वस्तू आधीच आणून ठेवा: पॉइंट सेट (कॉइलचा करंट तोडणारा-जोडणारा छोटा स्विच), कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा), रोटर (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून ठिणगी वाटणारा), दोन मीटर पेट्रोलचा पाइप, क्लिपा, पेट्रोल फिल्टर, एसी पंपाचं आणि कार्ब्युरेटरचं पॅकिंग. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा भाग आणि कुर्ला इथे जुन्या गाड्यांचे पार्ट अजून मिळतात. जुना पार्ट सोबत न्या आणि काउंटरवरच शेजारी धरून पाहा. जुना शिल्लक साठ्यातला कंडेन्सर मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यायला मागेपुढे पाहू नका. आज मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरांचा भरवसा नाही. डबीतून काढलेलाच गरम झाल्यावर दगा देतो असं सर्रास होतं.

हत्यारांत पाने, पेचकस, पक्कड, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), साधा मल्टिमीटर, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, दोन्ही टोकांना चिमटे लावलेली वायर, एक चांगला जादा प्लग, टॉर्च आणि झाकणाची काचेची बाटली. हे सगळं पुढच्या सीटवर हाताशी मांडून ठेवा. गाडी बंद पडल्यावर डिकीत पक्कड शोधत बसलात तर तेवढ्या वेळात इंजिन थंड होतं आणि पुरावा हातचा जातो.

सुरक्षिततेच्या गोष्टी थोड्याच, पण त्यांत सूट नाही. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवायचं नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. पंख्याजवळ सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी नको. पेट्रोलची लाइन उघडताना कॉइलची बारीक वायर आधी सोडवून ठेवायची, म्हणजे ठिणगी पडणारच नाही. आणि कोरड्या पावडरचा अग्निशामक जवळ हवा, पाण्याची बादली नाही.

गाडी मुद्दाम बंद पाडा

शनिवारी सकाळी गाडी मोकळ्या जागेत, हँडब्रेक लावून, चाकांना गुटके देऊन चालू करा आणि वीस-तीस मिनिटं जागेवरच चालू ठेवा. जागेवर असताना समोरून वारा मिळत नाही, त्यामुळे बॉनेटखालची उष्णता रस्त्यापेक्षा लवकर वाढते. तापमानाच्या काट्यावर लक्ष असू द्या; तो लाल पट्ट्याकडे सरकू लागला तर गाडी बंद करा, कारण मग दुखणं वेगळं आहे. रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंख्याचा पट्टा यांकडे आधी पाहावं लागेल. काटा जागेवर आहे आणि गाडी तरीही बंद पडत नाही, तर घराजवळच्या एखाद्या चढाच्या रस्त्यावर फेरी मारा. मात्र तिथे बाजूला थांबायला सुरक्षित जागा हवी. सोबत कोणीतरी हवंच. सेल्फ मारायला एक माणूस आणि बॉनेटखाली दुसरा, याशिवाय या चाचण्या होत नाहीत.

बंद पडल्यानंतरची पाच मिनिटं

इथे क्रम महत्त्वाचा आहे.

सर्वांत आधी पेट्रोल टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. आत जोरात हवा ओढल्याचा आवाज आला तर टाकीचा श्वास कोंडलेला आहे. पेट्रोल खाली जातं तेवढी हवा आत यायला हवी; तिची वाट बंद असेल तर टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. झाकण उघडताच गाडी चालू झाली तर दोष मिळाला. झाकणाचं भोक किंवा हवेची नळी साफ करा, काम संपलं. लोक पंप बदलतात, कार्ब्युरेटर उघडतात आणि हे झाकण कोणी पाहत नाही, म्हणून मी ते पहिल्या क्रमांकावर ठेवतो. पाहून झालं की झाकण घट्ट लावा, कारण पुढची चाचणी ठिणगीची आहे.

दुसरी गोष्ट, सेल्फ कसा फिरतो ते ऐका. थंडीत फिरतो तसाच फिरतोय, की रडत रडत? गरम इंजिनावर सेल्फ मंद झाला तर बॅटरीचं व्होल्टेज खाली येतं आणि कॉइलला उरलेल्या व्होल्टेजमध्ये धड ठिणगी मारता येत नाही. अशा वेळी बॅटरीची टोकं आणि इंजिनापासून बॉडीपर्यंतची अर्थ पट्टी पाहा. ही पट्टी बाहेरून शाबूत दिसते, पण आतून हिरवी पडलेली असते. जुन्या मॉडेलमध्ये अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असतो आणि तो इंजिन जागेवर असताना जवळपास चार्ज करत नाही, म्हणून संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये दिवे लावून चालवल्यावर हा प्रकार जास्त दिसतो.

तिसरी, ठिणगी. डिस्ट्रिब्युटरच्या (गॅरेजातल्या भाषेत डेल्कोच्या) कॅपच्या मधोमध येणारी कॉइलची जाड वायर काढा, तिला जादा प्लग लावा आणि प्लगचं धातूचं अंग इंजिनाच्या उघड्या धातूला चिमट्याने पक्कं जोडा. हातात धरू नका. जोडीदाराला सेल्फ मारायला सांगा. निळसर पांढरी, टकटक आवाज करणारी ठिणगी दिसली तर कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर आत्ता तरी ठीक आहेत. पिवळट, केसासारखी, अधूनमधून येणारी दिसली किंवा काहीच दिसलं नाही, तर दोष विजेचा. जाड वायरवर चांगली ठिणगी आहे पण सिलिंडरच्या वायरवर तीच चाचणी केल्यावर नाही, तर रोटर किंवा कॅप. कॅपच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली की ती कॅप गेली. ती रेघ म्हणजे करंटने स्वतःसाठी पाडलेली वाट असते आणि घासून जात नाही.

चौथी, पेट्रोल. एअर क्लीनर काढा, कार्ब्युरेटरच्या घशात टॉर्च मारा आणि हाताने थ्रॉटल झटकन उघडा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली तर फ्लोटच्या कप्प्यात (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात) पेट्रोल आहे. काहीच आलं नाही तर कप्पा कोरडा आहे. आणि घसा ओलाचिंब, पेट्रोलचा वास नाकात बसतोय, तर इंजिन उपाशी नाही, उलट त्याला अति झालंय. तिन्हीच्या वाटा वेगळ्या आहेत. काय दिसलं ते तिथेच वहीत लिहा. संध्याकाळपर्यंत आठवणीत गोंधळ होतो.

ठिणगी गेली असेल तर

यात सर्वांत जास्त गुन्हेगार कंडेन्सर निघतो. तपासायला डिस्ट्रिब्युटर खोलायची गरज नाही. खात्रीचा दुसरा कंडेन्सर घ्या, त्याची वायर चिमट्याने कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला जोडा आणि त्याचं धातूचं अंग इंजिनाला. जुना कंडेन्सर आतून शॉर्ट झालेला असेल तर तो मोकळा करावा लागेल. एरवी असा बाहेरून जोडूनच पाहा. ठिणगी लगेच जाड झाली तर उत्तर मिळालं. पॉइंटही साक्ष देतात: एका बाजूला उंचवटा आणि समोर खड्डा पडला असेल, तोंडं निळी-काळी झाली असतील, तर कंडेन्सर बऱ्याच दिवसांपासून काम करत नव्हता.

ठिणगी अजिबात नसेल तर टेस्ट लॅम्प घ्या. चावी ऑन करून कॉइलच्या पुरवठ्याच्या टोकाला लावा. दिवा पेटला नाही तर चावीच्या स्विचपासून इथपर्यंत कुठेतरी खंड आहे. खात्री करायला बॅटरीच्या प्लसपासून थेट या टोकाला वायर जोडा. गाडी चालू झाली तर जुना चावीचा स्विच गरम होऊन सोडतोय. (मग गाडी बंद करायला ही वायर काढावी लागते, चावीने बंद होणार नाही.) दिवा पेटतोय, तर तो पॉइंटकडच्या टोकाला लावून सेल्फ मारा. लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करताहेत. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट बंदच होत नाहीत किंवा त्यांच्याकडे जाणारी वायर तुटलीय. पेटलाच नाही तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा कॉइलचं पहिलं वेटोळं तुटलंय.

ही आतली छोटी वायर नीट पाहा. कॉइलपासून आलेला करंट डिस्ट्रिब्युटरच्या बाजूने आत जाऊन पॉइंटला मिळतो, आणि ज्या ताटलीवर पॉइंट बसलेत ती व्हॅक्यूमच्या ओढीने पुढेमागे सरकत असते. वर्षानुवर्षं ही वायर त्याच जागी वाकत राहते. वरचं आवरण धड असतं, आत तांब्याच्या दोन-चार तारा उरलेल्या असतात. त्या गरम झाल्या की सुटतात, थंड झाल्या की टेकतात. पेचकसाच्या टोकाने वायर हळूच ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आतलं तांबं तुटलंय. तिच्या जागी पुष्कळ बारीक तारांची, लवचीक वायरच लावा. घरगुती वायरिंगची जाड वायर काही दिवसांत पुन्हा तुटेल. त्याच ताटलीची अर्थची शेपटीही याच कारणाने जाते.

कॉइल मल्टिमीटरने गरम असतानाच मोजायची. दोन्ही वायरी सोडवून बारीक टोकांमध्ये मोजा: साध्या बारा व्होल्टच्या कॉइलला साधारण तीन ते चार ओहम यावेत. बारीक टोक आणि मधलं जाड टोक यांत काही हजार ओहम यावेत; अनंत दाखवलं तर आतली तार तुटलीय. दुकानात बरेचदा दीड ओहमची कॉइल हातात देतात. ती वेगळा रेझिस्टर असलेल्या गाड्यांसाठी असते. आपल्या गाडीत तो रेझिस्टर नसेल तर ती कॉइल दुप्पट करंट ओढते, भाजून निघते आणि पॉइंट जाळते. म्हणजे नवी कॉइलच गरम झाल्यावर बंद पडण्याचं कारण होते. आणि चावी ऑन ठेवून गप्पा मारत उभं राहू नका. पॉइंट मिटलेले असतील तर चांगली कॉइलही त्यात तापून जाते.

पॉइंट बसवताना पॉइंटचा टाचेचा भाग कॅमच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) शिखरावर आणून फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. फीलर गेजला तेलाचा पुसटसा हात असतो. फट मोजून झाल्यावर स्वच्छ पांढऱ्या कागदाची पट्टी पॉइंटमध्ये धरून ओढून घ्या, कागदावर डाग येणं थांबेपर्यंत. तेवढ्या तेलाने नवे पॉइंट काळे पडतात. टाचेपाशी ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका द्या, नाहीतर टाच झिजून फट मिटत जाते. प्लगची फट ०.६, आणि वायरी परत लावताना क्रम १-३-४-२. पॉइंटची फट बदलली की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) सरकतं, म्हणून ते पुन्हा तपासल्याशिवाय कॅप लावू नका.

पेट्रोल पोचत नसेल तर

पद्मिनीचा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो, त्यामुळे इंजिन तापलं की पंप आणि त्यातलं पेट्रोल दोन्ही तापतात. नळीत पेट्रोलची वाफ झाली की पंप वाफच दाबत बसतो. २०२३ पासून पेट्रोल भरायच्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि पॅकिंग त्यासाठी बनलेले नव्हते. पाइप आतून मऊ होऊन फुगतो, त्याचे कण सुटतात. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळही सुटून फिल्टरमध्ये येतो.

ओळखायला सोपं आहे. गाडी बंद असताना पंपावर आणि पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या नळीवर ओलं फडकं ठेवा, दोन-तीन मिनिटं थांबा, सेल्फ मारा. घेतली तर वाफ. पाणी डिस्ट्रिब्युटरवर ठिबकू देऊ नका.

फडक्याने फरक पडला नाही तर पंपाचा जोर पाहा. कॉइलची वायर सोडवा, कार्ब्युरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा, सेल्फ मारा. ठराविक अंतराने भरदार पिचकाऱ्या यायला हव्यात. धार मरतुकडी असेल किंवा सोबत बुडबुडे असतील तर पंपाला दोष देण्याआधी टाकीकडची बाजू पाहा. तिथल्या पाइपाला बारीक चीर असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, पंप तिथून हवा मात्र ओढतो. त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. टाकीपासून पंपापर्यंतचे सगळे रबरी तुकडे एकदम बदलून टाका, इथेनॉलला चालणारे घ्या. स्वस्तातलं काम आहे आणि अर्ध्या तक्रारी यातच मिटतात. त्यानंतरही धार सुधारली नाही तरच पंप खोला: पडदा उजेडात धरून ताणून पाहा, दोन्ही व्हॉल्व्ह बसतात का पाहा.

वाफेचाच दोष निघाला तर नळी सायलेन्सरच्या बाजूपासून लांब वळवा. कार्ब्युरेटरखालचं उष्णता अडवणारं जाड पॅकिंग जागेवर आहे ना ते पाहा. कुठल्यातरी जुन्या कामात ते गळून त्याच्या जागी साधा कागदी तुकडा बसवलेला खूपदा सापडतो. पंप आणि त्याच्या बैठकीतल्या पॅकिंगची जाडी मात्र मनाने वाढवू नका, पंपाचा दांडा कमी ढकलला जाऊन पेट्रोल आणखी कमी होतं. नळीला लाकडी चिमटे लावायची पद्धत आहे. त्याने काही बिघडत नाही, पण मी त्यावर विसंबून घाट चढणार नाही.

घसा ओला असेल तर

कार्ब्युरेटरचं झाकण काढून फ्लोट हातात घ्या आणि कानाशी हलवा. आत पेट्रोल डुचमळलं तर फ्लोटला भोक आहे. तो बुडतो आणि सुई मिटत नाही. फ्लोट ठीक असेल तर सुईचं टोक भिंगाने पाहा, त्यावर कडं पडलेलं दिसलं की सुई आणि तिची बैठक जोडीनेच बदला. हे दोन्ही ठीक असतील तर गाडी बंद केल्यावर कप्प्यातलं पेट्रोल उकळून घशात उतरतंय. तशा वेळी चोक न ओढता, अॅक्सिलरेटर तळाशी दाबून धरून सेल्फ मारा. पाय मारत राहिलात तर आणखी पेट्रोल आत जातं.

ठिणगीही आहे, पेट्रोलही आहे

मग टॅपेटकडे, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीकडे वळा. ही फट फार कमी ठेवलेली असेल तर इंजिन तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. गरम इंजिनावर कॉम्प्रेशन मोजलं की एखादा सिलिंडर मागे पडलेला दिसतो. टॅपेट सेट करायचे ते रविवारी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील तेव्हा पहिला सेट करा. दुसऱ्याचे हलताना तिसरा, पहिल्याचे हलताना चौथा, तिसऱ्याचे हलताना दुसरा. फटीचा आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्या. ऐकीव आकड्यावर व्हॉल्व्ह जळतात. सेट करूनही दाब आला नाही, तर हेड खोलण्याचं काम आहे आणि ते या शनिवार-रविवारात बसवू नका.

रविवारची दुपार

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलली की पुन्हा तीच परीक्षा घ्या: जागेवर तेवढाच वेळ, तोच चढ, शक्यतो तीच दुपारची वेळ. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कधीच कळत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गाडी पास झाली तर थोडा वेळ बंद ठेवून, गरम असतानाच पुन्हा चालू करून पाहा. बंद झाल्यावर पंख्याचा वारा थांबतो आणि बॉनेटखालची उष्णता काही मिनिटं वाढतच जाते, त्यामुळे ही खरी कठीण परीक्षा आहे.

काढलेले मूळ पार्ट फेकू नका. पंपाची बॉडी, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर हे दुरुस्त होतात आणि मूळ पार्टचं धातुकाम आजच्या नकलांपेक्षा बहुतेक वेळा सरस असतं. पुसून, तेलाचा हात लावून, वर तारीख लिहून ठेवा. चाललेला जुना कंडेन्सर, पॉइंट, रोटर आणि पेट्रोल पाइपाचा हातभर तुकडा एका डब्यात घालून डिकीत टाका, सोबत टेस्ट लॅम्प आणि चिमट्याची वायर.